गाडीखालचा पेपर

आमच्या पिकअपचे किस्से एवढे साठलेत की पाहुणे आले की पप्पा एक सुरू करतात आणि आई तो पूर्ण करते. मी आतल्या खोलीतून ऐकते. चारचौघांत बोलायला मला जमत नाही. पण शेवटचे दोन किस्से ते कोणालाच सांगत नाहीत, म्हणून मी लिहितेय.

* * *

पप्पा पिकअपमधून बाळकुमच्या नर्सरीतली झाडं पोचवायचे. गाडी माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. कधी कधी इंजिन सुरू करणारा सेल्फ अडकायचा. चावी फिरवली की नुसतं 'टक'. मग एकाने चावी धरायची आणि दुसऱ्याने सेल्फवर लाकडाने हलकेच ठोकायचं. एकदा घाईत पप्पांच्या हाताला आईचं लाटणं लागलं.

संध्याकाळी आईने ते नाकाजवळ नेलं. "आज पोळ्या कशात करू? ऑइलमध्ये की डिझेलमध्ये?"

नवीन लाटणं आलं. जुनं गाडीतच राहिलं.

* * *

बॅटरीच्या टोकांवर पांढरी पावडर साठली की पप्पा ती गरम पाण्याने धुवायचे. एकदा आईने आत्यासाठी चहाचं पाणी उकळत ठेवलेलं. पप्पा ते उचलून थेट बाहेर.

आत्या म्हणाली, "दादा, गाडीला बिस्किटं पण दे."

* * *

मे महिन्यात घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये इंजिन तापायला लागलं. पप्पांनी काचा उघडून हीटर फुल सोडला. त्याने इंजिनची गरमी केबिनमध्ये येते आणि इंजिन जरा निवतं. शेजारी मांडीवर कुंडी घेऊन नर्सरीच्या एक गिऱ्हाईक मॅडम बसलेल्या.

"दादा, एसी नाहीये का?"

"आहे ना मॅडम. पण आत्ता इंजिनला लावलाय."

* * *

माझं काम एकच. संध्याकाळी गाडी लागली की इंजिनखाली त्या दिवशीचा वाचून झालेला पेपर पसरायचा आणि सकाळी डाग बघायचे. काळा म्हणजे ऑइल, हिरवा म्हणजे इंजिन थंड ठेवणारं कूलंट. पप्पा विचारायचे, "काय गं, आजची बातमी?" मी "कोरा" म्हटलं की गाडी निघायची.

त्या दिवशी पेपरवर ताटलीएवढा हिरवा डाग होता. पप्पांजवळ नर्सरीचे शेठ आणि दोन अनोळखी माणसं उभी होती.

"काय गं, आजची बातमी?"

चौघेही माझ्याकडे बघायला लागले. डाग आहे म्हटलं असतं तर कुठे, केवढा, सगळं त्यांच्यासमोर सांगावं लागलं असतं.

"कोरा," मी म्हटलं आणि पेपर घडी करून आत नेला.

झाडं घेऊन पप्पा शहाडला पोचले आणि तिथेच इंजिन जाम झालं. कूलंट संपलेलं. मेकॅनिक म्हणाला, "सकाळी खाली वाकून बघितलं असतं तर वाचली असती."

"बघितलेलं," पप्पा म्हणाले. "पोरगी रोज बघते. वाटेत फुटलं असणार काहीतरी."

इंजिनचं काम होईपर्यंत नर्सरीने दुसरा टेम्पो लावला. पप्पा आता दुसऱ्याची गाडी चालवतात.

* * *

पिकअप विकली, ती घ्यायला एक काका आले. पप्पांनी त्यांना लाटणं दाखवलं, हीटर दाखवला. मग पेपरचं सांगितलं.

"हे रोज कोण बघत बसणार?" काका हसले.

"मुलगी आहे ना तुम्हाला? तिला लावा. आमची कधी चुकली नाही."

मी आत गेले. जुन्या पेपरांचा गठ्ठा आणला आणि भूगोलाच्या पुस्तकात ठेवलेला तो पेपर सगळ्यात वर ठेवून पप्पांच्या हातात दिला.

पप्पांनी तारीख वाचली, शहाडच्या आदल्या दिवशीची. बराच वेळ वाचली.

काकांनी वाकून बघितलं. "हा हिरवा डाग कसला हो?"

"कुठे डाग?" पप्पांनी पेपरची बारीक घडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. "कोरा आहे."