जुना रंग खरवडला तेव्हा

पाट्या टाकणाऱ्या रंगाऱ्यांचा मला पहिल्यापासून राग. जुन्या रंगावर नवा फासायचा, चकाकी दाखवायची आणि यल्ला, चला म्हणून निघायचं, हे मला कधी जमलं नाही. रत्नागिरीला ज्यांच्या हाताखाली शिकलो ते लाकूड दिसेपर्यंत ब्रश हातात देत नसत. ओमानला आल्यावरही मी तीच पद्धत ठेवली.

बौशरमध्ये आमच्या अर्बाबची, म्हणजे मालकाची, वडिलांच्या वेळची चार घरं भाड्याने दिलेली आहेत. त्यांची देखभाल कित्येक वर्षं माझ्याकडे. अर्बाब भला माणूस, पण त्या घरांत पाऊल टाकत नाही. फोनवर विचारतो, "सब ठीक?" मी सांगतो, "मा फी मुश्किल, अर्बाब." काही अडचण नाही, एवढं ऐकलं की तो निर्धास्त.

त्यातल्या एका घरात वसईचं कुटुंब आलं. नवरा हॉटेलच्या किचनमध्ये, बायको घरी, आणि दीड वर्षाची मुलगी. नाताळ जवळ आला तसा त्या बाईने रंगाचा धोशा लावला. अर्बाबनेही हो म्हटलं.

"काका, दारं-खिडक्या नीट घासून करा हां," ती म्हणाली. "मागच्या घरी त्या लोकांनी नुसता वरून ब्रश मारला. महिन्यात पोपडे."

मी खूश. कामाची कदर करणारं माणूस भेटलं होतं. दोन दिवस मी कोरड्या पॉलिशपेपरने दारं घासत होतो. हिरव्याखाली पिवळा, पिवळ्याखाली पांढरा, थरांवर थर. माणसं घरातच होती. भुकटी लादीवर, गादीवर, पोरीच्या खेळण्यांवर बसत होती. ती त्यात बोटं फिरवायची आणि तोंडात घालायची. "काकांची पावडर आवडली बघा हिला," मी म्हणालो, आणि आम्ही दोघंही हसलो. तो नाताळ त्यांनी झोकात केला. मला केक आला.

जानेवारीत पोरीचं पोट दुखायला लागलं. खाईना, खेळेना. चार शब्द बोलायची तेही बंद झाले. तपासण्या झाल्यावर डॉक्टरने विचारलं, घर जुनं आहे का, रंग खरवडला का. तिच्या रक्तात शिसं निघालं. पूर्वीच्या ऑइल पेंटमध्ये ते असायचं. भुकटी पोटात गेली की लहान मुलांच्या मेंदूला इजा होते, आणि झालेली इजा भरून येईलच असं नाही, असं त्यांना सांगितलं गेलं.

मी अर्बाबकडे गेलो. "हम सब भाई उसी घर में बड़ा हुआ," तो म्हणाला. "तुम बोला था, मा फी मुश्किल."

बोललो होतो. घर त्याचं, जुना रंग तपासून घ्यायची जबाबदारीही त्याचीच. पण तो पाहत होता ते माझ्या डोळ्यांनी. त्याने त्यांना दुसरं, नवं घर त्याच आठवड्यात दिलं. मला मात्र झोप लागेना, कारण एक गोष्ट मी अर्बाबलाही सांगितली नव्हती. पूर्वी एका कंपनीत कामाला असताना एका सेफ्टीवाल्याने आम्हाला बजावलं होतं: जुना ऑइल पेंट कोरडा घासायचा नाही. आधी माणसं बाहेर काढा, प्लास्टिक अंथरा, पाणी मारून ओला करून काढा. आम्ही त्याची टर उडवली. चार बुकं शिकून आलाय आणि मला रंग शिकवतोय! पाण्याने लाकूड फुगतं, म्हणून मी ओलं कधी घासलंच नाही. ज्यांना मी आयुष्यभर नावं ठेवली त्यांच्यातल्या एखाद्याने वरून ब्रश फिरवला असता, तर ते शिसं खालीच दबून राहिलं असतं. मला स्वतःची किळस आली.

सामान हलवायला मी गेलो. नवरा खोके बांधता बांधता बायकोला बोलत होता. "तूच मागे लागलीस. नाताळ, नाताळ! रंगाशिवाय नाताळ होत नाही काय?"

बायको भांडी कागदात गुंडाळत मला म्हणाली, "खरंय, काका. मीच सांगितलं ना घासायला. तुम्हाला तरी काय माहीत?"

पोरगी माझं बोट धरून उभी होती. मी गप्प राहिलो असतो तर खलास, विषय संपला असता, कुणी काही विचारलं नसतं. ती बाई जन्मभर स्वतःलाच दोष देत बसली असती.

"मला माहीत होतं," मी म्हणालो. "एकाने सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

नवऱ्याच्या हातातली दोरी तशीच राहिली. त्याने मला मारलं असतं तर बरं वाटलं असतं. ती उठली, पोरीची मूठ माझ्या बोटावरून सोडवली आणि तिला कडेवर घेऊन बेसिनपाशी गेली. माझं बोट धरलेला तो हात तिने साबण लावून धुतला. मग पुन्हा साबण लावला आणि पुन्हा धुतला.