मंगळवारी वर जाणारी अंगणवाडी

“मला काय इचारून राह्यल्या मॅडम, लेकराला इचारा.”

बाईंचं हे ठरलेलं उत्तर. भोकरदनच्या उत्तरेला, जिथून डोंगर सुरू होतो, त्या गावात त्यांची अंगणवाडी होती. मी त्या भागाची पर्यवेक्षिका. जीप फाट्यापर्यंत जायची, पुढे पाऊण तास पायी. पहिल्या भेटीत मी घाम पुसत खुर्चीवर बसले आणि विचारलं की खिचडी रोज शिजते का, बरी होते का. बाईंनी चार वर्षांच्या एका मुलीकडे बोट केलं. मुलीने माझ्याकडे नीट बघून घेतलं आणि म्हणाली, “आज मीठ कमी हाय.” बाई उठल्या, मीठ आणलं आणि पातेल्यात टाकून ढवळायला लागल्या. तपासणीला आलेल्या पर्यवेक्षिकेसमोर चूक निघाली याचं त्यांना काही वाटलं नाही. भेटवहीत काय लिहावं ते मलाच सुचेना.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. सरकारी कामात असून त्यांना साहेबाची भीती नसते, आणि उर्मटपणाही नसतो. बाई पन्नाशी ओलांडलेल्या, उंच, मेंढपाळाच्या घरातल्या. लहानपण मेंढरांमागे गेलेलं. दहावी झाली ती लग्नानंतर, नवऱ्याने हट्टाने परीक्षेला बसवलं म्हणून. तालुक्याच्या बैठकीत त्या शेवटच्या रांगेत बसून जुन्या साड्यांच्या चिंध्यांच्या बाहुल्या शिवायच्या. साहेब बोलत असले तरी सुई थांबायची नाही.

एकदा कार्यालयाकडून प्राण्यांचे, फळांचे रंगीत तक्ते आले. सगळीकडे ते छताजवळ लागले, मुलांनी फाडू नयेत म्हणून. बाईंनी ते जमिनीपासून वीतभर उंचीवर चिकटवले. फाटतील हो, असं मी म्हटलं. “फाटू द्या की,” त्या म्हणाल्या, “हात लागल्याबिगर लेकराला काय कळतं?” पहिल्याच महिन्यात वाघाचं शेपूट गेलं. पुढे काही फाटलं नाही.

त्या गावाच्या वर, ओढा ओलांडून डोंगराच्या सपाटीवर एक वस्ती होती. दहा-बारा घरं, सगळी मेंढपाळांची. दिवाळीनंतर पुरुष मेंढरं घेऊन बाहेर पडायचे, बायका कापूस वेचायला जायच्या. तिथल्या मुलांची नावं अंगणवाडीच्या हजेरीपटावर होती, मुलं मात्र कधी यायची नाहीत. तीन वर्षांचं लेकरू ती चढण उतरून येणार कसं, आणि त्याला आणणार कोण? मी दर भेटीत लिहायचे, ‘वस्तीवरील लाभार्थींची उपस्थिती वाढवावी.’ लिहिलं की माझं काम झालं, असं मला वाटायचं.

कापूस वेचणीच्या दिवसांतला एक मंगळवार. मी न कळवता गेले. अंगणवाडीला कुलूप. ओट्यावर बसलेले एक म्हातारबाबा म्हणाले, “बाई वर गेल्या.” मला वाटलं, वर म्हणजे स्वतःच्या शेतात. उन्हातून चालत आले होते, डोकं तापलेलं होतं. भेटवही शेजारच्या घरी असायची, ती मागून घेतली आणि लिहिलं, ‘केंद्र बंद आढळले. खुलासा सादर करावा.’ खाली सही केली. मग म्हटलं, आलोच आहोत तर शेतातच जाऊन गाठू, आणि म्हातारबाबांनी दाखवलेल्या वाटेने निघाले.

वाट शेतात गेलीच नाही, ती वस्तीवर गेली. तिथे लिंबाखाली अख्खी अंगणवाडी बसलेली होती. खालच्या गावातली मुलं आणि वस्तीवरची मुलं, सगळी एकात एक मिसळलेली. चुलीवर पातेलं. झाडाच्या बुंध्याला लोकरीची एक लांब दोरी गुंडाळून ठेवलेली, तिला हातभर अंतरावर गाठी आणि प्रत्येक गाठीला वेगळ्या रंगाची चिंधी. एकेका मुलाने आपापली गाठ धरायची, पुढे बाई, मागे मदतनीस, अशी ती वरात ओढा ओलांडून वर यायची. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी. महिना झाला होता.

माझा राग गेला आणि त्याच्या जागी भीती आली. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं की हे कुणाच्या परवानगीने चाललंय, आणि एखादं लेकरू घसरून पडलं तर?

बाई म्हणाल्या, “पडलं तर माझी नोकरी जाईल, मॅडम. बराबर हाय. पण वरचे खाली येत न्हाईत, मंग खालच्यांला वर आणायचं, दुसरं काय करावं?” आणि मला एका घरापाशी घेऊन गेल्या.

दारात बाज होती आणि बाजेच्या पायाला साडीची मऊ चिंधी बांधलेली, तिचं दुसरं टोक सुटं. बाईंनी सांगितलं, महिन्याभरापूर्वीपर्यंत या चिंधीच्या टोकाला रोज तीन वर्षांची एक मुलगी असायची. आई वेचणीला गेली की दिवसभर. मुलगी बोलत नव्हती. घरच्यांना वाटायचं, मुकी आहे. आता ती लिंबाखाली बसली होती. तेवढ्यात तिने जीभ टाळ्याला लावून एक आवाज काढला, मेंढरांना वळवताना काढतात तसा. बाईंनी जागेवरूनच तसाच आवाज काढून उत्तर दिलं. मुलगी हसली. मेंढरं वस्तीवर होती तोवर दिवसभर तिने ऐकलेलं होतं ते एवढंच, आणि बाईंना ती भाषा लहानपणापासून येत होती.

त्या दिवशी वेचणी लवकर आटपून मुलीची आई परत आली. मी तिला बोलायला सुरुवात केली, की लेकराला असं जनावरासारखं बांधून ठेवतात का. बाईंनी मला पुढे बोलू दिलं नाही.

“तिनं बांधलं म्हणून ते वढ्यात गेलं न्हाई, मॅडम.”

एवढंच. आई खाली मान घालून उभी होती. ती बारावी झालेली आहे, हे मला बाईंकडूनच नंतर कळलं.

खाली आल्यावर मी भेटवही पुन्हा मागितली. आधीचं खोडता येत नव्हतं. त्याखाली लिहिलं, ‘केंद्र वस्तीवर चालू असल्याचे प्रत्यक्ष पाहिले. खुलाशाची आवश्यकता नाही.’ साहजिकच तालुक्याच्या साहेबांनी माझाच खुलासा मागवला. एकाच दिवशी, एकाच सहीने केंद्र बंद आणि चालू कसं? मी त्यांना म्हटलं, चला बघायला. ते आले. ओढ्याशी बाईंनी त्यांच्याही हातात एक गाठ दिली, आणि त्यांनी ती निमूटपणे धरली. वर पोचेपर्यंत त्यांचा श्वास फुलला होता. त्यांनी मला तिथेच बसून वस्तीसाठी वेगळ्या अंगणवाडीचा अर्ज लिहायला सांगितला.

तरी दोन वर्षं लागली. तेवढ्या काळात गावकऱ्यांनी ओढ्यात दगड रचून पायवाट केली. मग वस्तीला स्वतःची छोटी अंगणवाडी मिळाली. सेविकेच्या जागेसाठी बाईंनी त्या मुलीच्या आईला फॉर्म भरायला लावला. ती नको म्हणत होती. जिने लेकरू बांधलं, तिच्याकडे कोण लेकरं पाठवील, असं तिला वाटत होतं. बाईंनी तिला काय सांगितलं ते मला माहीत नाही. पण नेमणूक झाल्यावर पहिले सहा महिने त्या दर शुक्रवारी वर जाऊन तिच्या वर्गात मुलांत बसायच्या.

मुलगी तोवर बोलायला लागली होती. फार बोलायची. तिची तक्रार करताना बाईंना हसू आवरत नसे.

निवृत्तीच्या दिवशी बाईंनी नारळ घेतला, भाषण करायला नाही म्हणाल्या आणि दोन्ही अंगणवाड्यांत जाऊन आल्या. मुलाकडे राहायला जालन्याला निघाल्या होत्या. मलाही जालन्याला जायचं होतं, म्हणून भोकरदनहून आम्ही एकाच एसटीत बसलो. त्यांच्या मांडीवर कापडी पिशवी. मला वाटलं, आता रस्ताभर बोलतील. राजूर यायच्या आतच त्यांना झोप लागली. एवढ्या वर्षांत मी त्यांना कधी डोळे मिटून बसलेलं पाहिलं नव्हतं. डोकं हळूहळू कलत माझ्या खांद्यावर आलं. खिडकीतून ऊन येत होतं, मी पदर धरून त्यांच्या तोंडावर सावली केली.

बस जालन्याच्या स्टँडमध्ये शिरली. माणसं उतरायला लागली. बाहेर त्यांचा मुलगा खिडक्यांतून डोकावत त्यांना शोधत होता. मी हात करून त्याला जरा थांब अशी खूण केली.