शिवलेला खिसा

सिसिलवहिनींचा फोन आला तेव्हा मी दुबईत, अल बर्शाच्या ऑफिसात कुणावर तरी चिडलेली होते. कुणावर, ते आता आठवत नाही. मी बहुतेक वेळा चिडलेलीच असते. वहिनी म्हणाल्या, "मीनल, हे सकाळी उठलेच नाहीत गं." मी वेड्यासारखं विचारलं, "म्हणजे बरं नाही का?" मग मला कळलं, पास्कूभाऊ गेले. आदल्याच शुक्रवारी ते नेमबाजीच्या रेंजवर माझ्या शेजारी उभे होते, आणि माझ्या निशाण्याकडे बघून नुसत्या भुवया उडवत होते. ते फार लागायचं मला. आता उणेपुरे दोन महिने झाले, तरी शुक्रवारी सकाळी मी शेजारच्या लेनकडे बघतेच.

पास्कूभाऊ वसईचे. अर्धं आयुष्य त्यांनी दुबईच्या एका हॉटेलात बँक्वेट मॅनेजर म्हणून काढलं, म्हणजे दुसऱ्यांच्या लग्नात कोटटाय घालून भिंतीशी उभं राहायचं आणि आइस्क्रीम वेळेवर येतंय ना ते बघायचं. नेमबाजी हा त्यांचा एकुलता एक शौक. शहराबाहेर वाळवंटात आमचा क्लब आहे. पिस्तूल क्लबचं, काडतुसं क्लबची, आपला फक्त डोळा आणि हात. मी पुण्यात कॉलेजात असताना एनसीसीत थोडी रायफल चालवली होती, त्या जोरावर इथे आले आणि पहिल्याच दिवशी कागद सोडून मागच्या वाळूत सगळ्या गोळ्या घातल्या. शेजारच्या लेनमधला किडकिडीत माणूस मराठीत म्हणाला, "बाय, तू निशाण्यावर रागावतेस. त्याने तुझं काय वाकडं केलंय?" मला हसू आलं नाही. पण पुढच्या शुक्रवारपासून मी त्यांना माझ्या गाडीतून न्यायला लागले.

मग टंचाई आली. कुठे युद्ध पेटलं होतं, कुठे जहाजं अडकली होती, कारखाने सैन्याचा माल आधी काढत होते. आमच्यासारख्या हौशी लोकांकडे कोण बघणार? क्लबने रेशन लावलं, माणशी आठवड्याला काडतुसांची एक डबी. तीही कुठल्याशा नाव न ऐकलेल्या कंपनीची, तिच्यात दोनचार फुसकी निघायचीच. चाप ओढला की नुसती टिक्, आणि काडतूस जसंच्या तसं. एक नवा मेंबर एकदा म्हणाला की रिकाम्या पुंगळ्या घरी नेऊन पुन्हा भरल्या तर? पास्कूभाऊंनी त्याला शांतपणे सांगितलं, "मोठ्या रायफलच्या भरता येतात. आपल्या या बारक्या भरता येत नाहीत, त्यांचा पेट घेणारा बार बुडाच्या कडेतच भरलेला असतो. आणि इथे घरी भरायला बसलास तर तुझं सामानही तुलाच भरावं लागेल, कायमचं." कारण इथला नियम एकच आणि फार कडक. दिलेलं प्रत्येक काडतूस परत मोजून घ्यायचं, उडालं तर पुंगळी, नाही तर अख्खं. काउंटरवर शाजी नावाचा केरळचा माणूस ट्रे घेऊन बसायचा. हिशेब चुकला तर जाब त्याला.

फुसकं निघालेलं काडतूस ताबडतोब लाल डब्यात टाकायचं, हाही नियमच. पण टंचाईत ते कुणाच्या जिवावर यायचं! तेच काडतूस जरा फिरवून घातलं तर कधीकधी दुसऱ्या फटक्याला उडतं. म्हणून सगळे जण ते गुपचूप बाजूला ठेवायचे, शेवटी पुन्हा घालून बघायला. बाकावर ठेवलं तर रेंज ऑफिसरच्या नजरेस पडणार. पास्कूभाऊ शर्टाच्या खिशात ठेवायचे.

त्या टंचाईतल्या एका शुक्रवारी दुपारी त्यांचं मुंबईचं विमान होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी वसईत त्यांच्या मुलीचा, रियाचा साखरपुडा. वहिनी आधीच गेल्या होत्या. बॅग माझ्या डिकीत, रेंजवरून थेट विमानतळ, असा बेत. मी म्हटलं होतं, एक शुक्रवार नाही आलात तर काय बिघडेल? पण आठवड्याची डबी बुडाली असती ना! शेवटी शेवटी वहिनींचा फोन आला, पास्कूभाऊ घाईत ट्रे देऊन निघाले. शाजीने मोजलं. एक पुंगळी कमी. "मॅट के नीचे होगी साब, मैं झाडू मारके निकालता हूँ. आप जाओ, बेटी का फंक्शन है. यल्ला."

विमानतळाचा फाटा दिसायला लागला आणि पास्कूभाऊंनी बडीशेपेची पुडी काढायला खिशात हात घातला. हात तिथेच थांबला. "बाय, गाडी बाजूला घे." मी वळून बघितलं तर त्यांच्या तळहातावर ते काडतूस. शेंगदाण्याएवढं. आणखी थोड्या वेळाने ते त्या शर्टात विमानतळाच्या तपासणीत उभे राहिले असते.

"फेकून द्या," मी म्हटलं. "वाळूत फेका आणि चला."

"आणि शाजी? तो संध्याकाळपर्यंत मॅटखाली शोधत बसेल, मग रिपोर्ट जाईल. त्याची नोकरी जाईल, व्हिसा जाईल."

"मग तुम्ही उतरा, मी नेऊन देते."

"तुझ्या गाडीत कुणी बघितलं तर तू काय सांगशील? खिसा माझा आहे." मग अगदी हळू म्हणाले, "फिरव गाडी."

मी गाडी फिरवली, पण वाटभर त्यांना बोलत होते. हावरटपणा एका काडतुसाचा, आणि मुलगी तिकडे वाट बघतेय… ते ऐकत होते. काडतूस माझ्या पोह्यांच्या रिकाम्या डब्यात पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळून ठेवलं होतं आणि तो डबा त्यांनी मांडीवर दोन्ही हातांनी धरला होता. शाजीचा फोन ड्यूटीवर लॉकरमध्ये असतो. क्लबचा फोन कुणी उचलेना. पोचलो तेव्हा उचलत का नव्हते ते कळलं. जुम्म्याच्या नमाजासाठी फाटक बंद.

त्या बंद फाटकासमोर आम्ही बसून राहिलो. बाहेर ऊन असं की रस्ता हलताना दिसत होता. मी घड्याळ बघायचं नाही असं ठरवत होते आणि बघत होते. तेवढ्यात मागून पोलिसांची गाडी येऊन थांबली. एक तरुण पोलीस उतरून खिडकीशी आला. "एव्हरीथिंग ओके?" पास्कूभाऊ म्हणाले, "ओके सर. वेटिंग फॉर द क्लब." त्याने डब्याकडे बोट दाखवलं. "लंच?" पास्कूभाऊंची बोटं झाकणाकडे गेली. मला वाटलं, हा माणूस आता खरं सांगणार. मीच म्हटलं, "पोहे, सर. इंडियन ब्रेकफास्ट." तो हसला, "टू हॉट, कीप एसी ऑन" म्हणाला आणि गेला. मग पास्कूभाऊ म्हणाले, "चेक-इन बंद झालं असेल."

फाटक उघडलं तेव्हा आत शाजी गुडघ्यांवर बसून मॅट उलथत होता. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, चेहरा उतरलेला. रेंज ऑफिसर शेजारी उभा. पास्कूभाऊंनी डबा काउंटरवर ठेवून उघडला. ऑफिसरने आत बघितलं, मग पास्कूभाऊंकडे. "पॉकेट?" "येस सर. माय मिस्टेक. शाजी डिड नथिंग." शाजी तिथेच जमिनीवर बसला आणि दोन्ही हातांत तोंड लपवून रडायला लागला. ऑफिसरने पास्कूभाऊंचं मेंबरशिप कार्ड मागून घेतलं, ड्रॉवरमध्ये टाकलं. "युवर फ्लाइट?" "गॉन, सर." तो जरा थांबून म्हणाला, "गो टू युवर डॉटर. कार्ड, लेटर. इन्शाल्ला."

मिळेल त्या विमानाने ते पोचले. चर्चमध्ये शिरले तेव्हा अंगठ्या घालून झाल्या होत्या. दुसऱ्यांच्या इतक्या लग्नांत वेळेवर उभा राहिलेला माणूस स्वतःच्या लेकीच्या साखरपुड्याला उशिरा पोचला. आणि सांगितलं काय, तर क्लबमध्ये अडकलो. खरं फक्त वहिनींना माहीत. शाजीचं नाव कुठे निघायला नको, व्हॉट्सअ‍ॅपवर गोष्टी कुठल्या कुठे जातात, असं पास्कूभाऊंचं म्हणणं. रिया पुढे बरेच दिवस बापाशी धड बोलली नाही. मी एकदा म्हटलं, मी सांगते तिला. म्हणाले, "नको. बाप उशिरा आला हे खरंच आहे ना?" त्या एका वाक्यासाठी मला त्यांचा संतापही आला आणि रडूही.

कार्ड परत मिळालं. त्याआधी वहिनींनी रेंजवरच्या त्या शर्टाचा खिसा जाड दोऱ्याने चारी बाजूंनी शिवून टाकला होता. पास्कूभाऊंनी तो खिसा ऑफिसरला दाखवला, तेव्हा तो कडक माणूस आयुष्यात पहिल्यांदा हसला असावा. पुढे शर्ट जुना झाला, पण रेंजवर तोच.

गेल्या आठवड्यात वहिनी आणि रिया त्यांचा इथला, अल मनखूलचा फ्लॅट रिकामा करायला वसईहून आल्या. मी मदतीला गेले. कपाटातून शर्ट काढता काढता रिया थांबली. "आंटी, व्हाय इज दिस पॉकेट स्टिच्ड?" मी वहिनींकडे बघितलं. त्यांनी मानेनेच 'सांग' म्हटलं. मग मी सगळं सांगितलं… फाटा, डबा, बंद फाटक, शाजी. रिया पलंगावर बसून शिवणीवरून अंगठा फिरवत राहिली. "ही लेट मी बी अँग्री," ती म्हणाली. "ऑल दिस टाइम." तिच्या बोटात अंगठी होती. मग तिने शर्टाची घडी घातली आणि माझ्या हातात दिली.

पुन्हा टंचाई आहे. पुन्हा माणशी एकच डबी, पुन्हा फुसका माल. या शुक्रवारी मी तो शर्ट घालून गेले. मला जरा ढगळ होतो. मधेच टिक् झालं. काडतूस बाहेर काढलं, इकडेतिकडे बघितलं, आणि माझा हात आपोआप छातीवरच्या खिशाकडे गेला. बोटांना टाके लागले. मी तशीच उभी राहिले, शाजीने काउंटरवरून वर बघेपर्यंत. मग चालत जाऊन काडतूस लाल डब्यात टाकलं.