जावेची निळी वेल

पेजेची वाफ नाकात गेली की मला आमच्या रोह्याच्या घराची पडवी आठवते. तिथे धाकट्या जावेनं टांगत्या कुंडीत निळ्या घंटीसारख्या फुलांची वेल वाढवली होती. तिचं पोटातलं मूल गेलं, त्यानंतर ती दिवसभर त्या वेलीपाशीच असायची आणि सासूबाई आल्यागेल्यांसमोर तिच्या हाताचं कौतुक करायच्या. मला ते सहन होईना. एका दुपारी मी भात वेळला आणि उकळती पेज नेऊन कुंडीत ओतली. दोन दिवसांत वेल काळी पडली. “माझ्या हाती कायच जगत नाय, ताई,” जाऊ रडत म्हणाली. मी तिच्याकडे बघून म्हणाले, “व्हय.” आता आम्ही दोघी म्हाताऱ्या झालो. तिनं पुन्हा एकही रोप लावलं नाही आणि मीही तिला कधी लाव म्हटलं नाही.