अमोलचा कॉम्प्युटर आणि मावशीच्या मिरच्या

आमच्या ओळीत दुकानाला लिंबू-मिरची न बांधणारा मी एकटाच. शाहूपुरीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. मशीन बंद पडलं की त्यामागं कारण असतं आणि शोधलं की ते सापडतं, यावरच माझं घर चालतं. त्यामुळं हा अनुभव लिहिताना जरा लाजच वाटतेय... हसायचं तर खुशाल हसा.

अमोल माझा मावसभाऊ, माझ्यापेक्षा लहान. गडमुडशिंगीत राहत्या घराच्या पुढच्या खोलीत त्याचा स्टुडिओ आहे, लग्नाचे अल्बम डिझाईन करतो. त्याला माऊस धरायला मी शिकवलं. आज पार गारगोटी-नेसरीकडची लग्नं त्याच्याकडं येतात, दारात नवी गाडी उभी आहे, आणि आमच्या घरात ऊठसूट "अमोलभावजींचं बघा जरा" सुरू असतं. मी जळतो त्याच्यावर. सरळच सांगतो, पोटात दुखतं माझ्या. पण कॉम्प्युटर अडला की त्याला मलाच फोन करावा लागायचा. तेवढंच माझं मोठेपण उरलं होतं.

ऐन लग्नसराईत त्याची हार्ड डिस्क कुरकुरायला लागली. मी जाऊन नवी, जास्त वेगाची एसएसडी डिस्क बसवली, विंडोज टाकलं, सगळे फोटो उतरवून घेतले. मशीन चालू केलं तर चुटकीसरशी उघडलं. अमोल लहान पोरासारखा खूश. माझ्या मनात आलं — माझ्या दुकानात अजून जुनं डबडं, आणि याला हे असलं... तेही माझ्याच हातानं. एकदा खात्री करावी म्हणून मशीन रिस्टार्ट केलं, तर लोगो आला आणि निळा स्क्रीन. परत लोगो, परत निळा स्क्रीन.

केबल बदलली. रॅम पुसून बसवली. बायोसमधलं सेटिंग तपासलं. जुनी डिस्क परत लावली, तरी तेच. शेवटी नवीच ठेवून, उद्या दुकानातला पॉवर सप्लाय आणतो म्हणून निघालो.

सकाळी अमोलचा फोन. "दादा, काय केलतंस? लई भारी चाललंय की."

मी काहीच केलं नव्हतं. म्हणून बघायला गेलो. माझ्यासमोर सुरू केलं... निळा स्क्रीन.

पॉवर सप्लाय बदलला, काही फरक नाही. वैतागून बाहेर पायरीवर जाऊन बसलो, तर आतून विंडोजचा आवाज आला. आत गेलो, त्यानं रिस्टार्ट केलं, बंद. पाठ फिरवून उभा राहिलो, तर चालू. आम्ही दोघं हसलो, पण माझं हसू काही खरं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुकानातून साधा फोन केला, त्यानं मशीन लावलं, सुरू झालं. मग व्हिडिओ कॉल केला. त्यानं मोबाईल स्क्रीनकडं वळवून मशीन परत चालू केलं आणि मला इकडं, माझ्या दुकानात बसून, निळा स्क्रीन दिसला.

"दादा, राग मानू नगंस," अमोल म्हणाला. "दुसऱ्या कुणाला दाखवू काय?"

रविवारपर्यंत थांब म्हणालो. जे एक उरलं होतं तेही चाललं होतं.

रविवारी मी खोलून बसलो असताना मावशी मुठीत मीठ-मोहरी आणि लाल मिरच्या घेऊन आली. "सरका. दृष्ट लागलीया त्येला."

"मावशी, मशीनला कसली दृष्ट?"

"म्हशीला लागती, गाडीला लागती, मग ह्येला का न्हाय?"

कॉम्प्युटरवरून मूठ ओवाळत ती पुटपुटायला लागली. आल्यागेल्याची, पै-पावण्याची, घरच्याची, दारच्याची, भावाबंदाची... मी खाली पडलेले स्क्रू गोळा करत राहिलो. परसातल्या पाणी तापवायच्या चुलीत तिनं मूठ टाकली. मिरच्या काळ्याठिक्कर पडल्या, पण ठसका म्हणून नाही. कुणी साधं खाकरलंसुद्धा नाही. मावशी म्हणाली, "लईच मोठी हुती."

मशीन जोडून चालू केलं. मी टक लावून समोर उभा होतो. उघडलं. परत परत बंद-चालू केलं, दरवेळी उघडलं.

"आता तू बस पाटावर," मावशी मला म्हणाली.

"मला कशाला?"

"शहरात दुकान हाय तुझं. लोकांचं डोळं काय चांगलं असत्यात व्हय?"

बसलो. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. आपल्यावरही कुणीतरी जळत असेल की. मावशीनं त्याच डब्यातल्या मिरच्या घेतल्या, माझ्यावरून ओवाळल्या आणि चुलीत टाकल्या.

असा ठसका उठला की अमोल खोकत खोकत रस्त्यावर पळाला. शेजारणीनं खिडकी लावून घेतली. मावशी पदरानं डोळे पुसत, अगदी समाधानानं म्हणाली, "काय बी न्हाय बघ तुला. एकाची बी नजर न्हाय."

मशीन त्या दिवसापासून एकदाही अडलेलं नाही. लाईनमधल्या मित्रांना विचारलं. कुणी लूज कॉन्टॅक्ट म्हणतं, कुणी धूळ. अमोलला लागलेली दृष्ट कुणाची, हे मी मावशीला विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. पण एकाच डब्यातल्या त्या मिरच्या... बायकोला यातलं काहीच सांगितलेलं नाही. डोळे एवढे लाल कशानं, असं तिनं विचारलं, तेव्हा ठसका लागला म्हणालो.