आर्वुम, आर्वा आणि आमचं वावर

मी जन्मभर मराठी शिकवलं, त्यामुळे जगातल्या कुठल्याही भाषेवर बोलायचा आपल्याला हक्क आहे, असा माझा समज आहे. या खेपेला तो पुतणीच्या अंगाशी यायचा होता.

ती चिखलीला बी.एस्सी. करते. वनस्पतिशास्त्राच्या तोंडी परीक्षेत एकदा नापास झालेली. पुन्हा राहिली असती तर वर्ष गेलं असतं. परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी आमच्या अमडापूरच्या वावरात हरभऱ्याला गुंडाळलेली चांदवेल उपटता उपटता तिनं विचारलं, "काका, हिचं शास्त्रीय नाव कॉन्व्हॉल्व्युलस आर्वेन्सिस. त्यातलं आर्वेन्सिस म्हंजे काय होय? सर नावाचा अर्थ विचारतेतच."

लॅटिनचं मला ओ की ठो कळत नाही. पण मोबाइल होता. कोशात सापडलं, आर्वुम म्हणजे नांगरून पेरलेली जमीन. नांगरणे या क्रियापदावरून आलेला शब्द, लिंग नपुंसक. आर्वेन्सिस म्हणजे तिथली. इथंच थांबलो असतो तर!

"आर्वुम... वावर!" मी ओरडलो. "अवं पोरी, रोमनायनं आपलाच शब्द नेला!"

"काऊन? त्यायच्याकडे वावरं नव्हते काय?"

खाली रूपं दिली होती. अनेकवचन आर्वा. मी ठोकून दिलं, हे स्त्रीलिंगी, गंगा-यमुनेसारखं. ती म्हणाली, "वावर-वावरं, तसंच आर्वुम-आर्वा असन न, काका." तेही पटलं. पुढे चतुर्थी आर्वो, आणि पंचमीही आर्वोच. आता मात्र मी बांधावर बसलो. वावराले आणि वावरातून, दोन्हीला एकच रूप? मग रोमन शेतकरी वावराले जाऊन राह्यला की वावरातून येऊन राह्यला, हे लोकांना कळायचं कसं?

"बैलाचं तोंड पाहून," पुतणी म्हणाली.

तेवढ्यात दिसलं की काहीजण आर्वुमचं नातं संस्कृत 'उर्वरा'शी जोडतात. मग वावर उर्वरेचं लेकरू का? की पेरणे या अर्थाच्या 'वप्'पासून आलेलं? दुपारपर्यंत मी तिला तिन्ही उगम सांगून टाकले, प्रत्येक वेळी तितक्याच खात्रीनं. तिनं प्रत्येक वेळी मान डोलावली, आणि मला घोर लागला. ही उद्या यातलं काही बोलली म्हणजे?

दुसऱ्या दिवशी एसटीतून उतरताच तिला गाठलं.

"विचारलं का?"

"हाव. मी म्हटलं, नांगरलेल्या जमिनीत, वावरात उगवणारी. सर म्हणे, बरोबर, जा."

"आणि आपले उगम? एक तरी सांगायचा!"

"काका, मले पास व्हायचं होतं न."