भरतीच्या तक्त्यात मी वाढवलेला एक तास

मंडळी, ओले कपडे बदलून दोन तास झाले. लिहून टाकतो.

नागपूरहून आलेल्या बाबांना घेऊन लीड्सहून स्कॉटलंडच्या एका लहानशा बेटावर आलोय. बेटासमोरच्या टेकाडावर पडकं चॅपल आणि जुनी कोरीव थडगी आहेत. ओहोटीला वाळूवरून चालत जाता येतं, भरतीला ती वाट बुडते. गेस्टहाउसच्या भिंतीवर कागद होता: परतायची शेवटची वेळ तीन. असे तक्ते ग्रीनिच वेळेत असतात आणि उन्हाळ्यात इथली घड्याळं त्याच्या एक तास पुढे असतात, हे मला माहीत होतं. म्हणून मी उन्हाळ्याचा एक तास वाढवून चार धरले.

साडेतीनला बाबा थडग्यावर कोरलेल्या होडीवरून बोट फिरवत होते. मी सहज वळलो, तर वाळूच्या जागी पाणी.

"बाबा, निघा. लगेच."

"अरे, चार म्हणालास ना?"

पाणी आधी घोट्याला लागलं, मग मांडीला. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. मध्येच ते थांबले. "तू हो पुढे," म्हणाले, अगदी शांतपणे. मी त्यांचा पट्टा धरून ओढत राहिलो.

काठावर गेस्टहाउसच्या आजीबाई उभ्या होत्या. मी चार कसे धरले, ते त्यांना सांगितलं. "तो तास मी मिळवूनच लिहिते," त्या म्हणाल्या. "विचारायचं तरी."

बाबा आता चहा पितायत आणि उद्या कुठे नेणार, असं विचारतायत. मी चार म्हणालो, म्हणून त्यांनी पाण्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. त्याचीच आता जास्त भीती वाटतेय.

तुमचे आईबाबाही इथे आले की असेच तुमच्या भरवशावर चालतात का?